पावणेआठशे वर्षं एका मजल्यावर : बेथलेमचं ‘म्युझियम ऑफ द माइंड’

लंडनच्या दक्षिण कडेला, बेकनहॅमजवळ, बेथलेम रॉयल हॉस्पिटलचं मोठं हिरवं आवार आहे. तिथे आजही रुग्ण दाखल होतात आणि बरे होऊन घरी जातात. त्याच आवारातल्या जुन्या प्रशासकीय इमारतीत ‘बेथलेम म्युझियम ऑफ द माइंड’ आहे. खाली चित्रांची गॅलरी, वर कायमचं प्रदर्शन. प्रवेश मोफत. संग्रहालय या इमारतीत आलं २०१५ साली, संस्था मात्र १२४७ ची. मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या युरोपातल्या सर्वांत जुन्या संस्थांमध्ये तिची गणना होते. इंग्रजीत गोंधळ-गदारोळाला ‘बेडलम’ म्हणतात, तो शब्द हिच्याच नावाचा अपभ्रंश. आपण ‘वेड्यांचा बाजार’ म्हणतो, त्या चालीवरचा.

मानसोपचार, नर्सिंग, समाजकार्य, वास्तुकला, कायदा, यांपैकी कशाशीही तुमचा संबंध असेल तर लंडनच्या मुक्कामातली एक दुपार इथे जरूर घालवा. मात्र तयारी न करता गेलात तर अर्धं हाती लागेल. मांडणी कालक्रमानं केलेली नाही, विषयवार आहे: आजाराला नाव देणं, बंधन आणि मोकळीक, उपचारातून होणारं भलं की बुरं, आणि बरं होणं म्हणजे काय. कल्पना चांगली आहे. पण त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीची बेडी आणि विसाव्या शतकातलं चित्र एकाच खोलीत येतात. तारखा डोक्यात नसतील तर पाहणारा सगळं ‘पूर्वीचे लोक किती क्रूर होते’ या एकाच गाठोड्यात बांधतो आणि बाहेर पडतो. बेथलेमचा इतिहास तसा नाही. इथे वाईट दिवस आले ते कोणी राक्षस आला म्हणून नाही. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे आणि देखरेख कोणाकडेच नाही, असं जेव्हा जेव्हा झालं तेव्हा ते आले. प्रत्येक वस्तूपुढे एवढाच प्रश्न विचारा: या काळात आत येऊन बघणारं कोण होतं?

शक्य असेल तर संग्रहालय शेवटी ठेवा. आधी संस्थेच्या जुन्या तीन जागा पाहून घ्या. तिन्ही लंडनच्या मध्यवर्ती भागात आहेत आणि एका सकाळीत होतात.

पहिली जागा लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनची. लंडनचा शेरिफ राहिलेल्या सायमन फिट्झमेरीनं ऑक्टोबर १२४७ मध्ये बिशप्सगेटबाहेरची आपली जमीन बेथलेहेमच्या चर्चला दिली आणि तिथे मठ उभा राहिला. वेड्यांसाठी म्हणून तो बांधलेलाच नव्हता. त्याचं काम होतं दान गोळा करणं आणि गोरगरिबांना आसरा देणं. १३३० च्या सुमारास त्याला ‘हॉस्पिटल’ म्हणू लागले. मनोरुग्णांची पहिली ठाम नोंद १४०३ ची आहे, तीही एका चोरीच्या चौकशीमुळे झालेली. पीटर टॅव्हर्नर नावाचा दारवान संस्थेचा माल आणि पैसा खात होता. कुंपणच शेत खात होतं म्हणून राजाची माणसं तपासणीला आली आणि त्यांनी यादी केली: बुद्धी हरपलेले ६ पुरुष, ४ जोड बेड्या, ११ साखळ्या, ६ कुलुपं, २ खोडे. सहा माणसांमागे अकरा साखळ्या. ही यादी पाठ करून जा, वरच्या मजल्यावरच्या लोखंडापुढे उभं राहिल्यावर उपयोगी पडते.

स्टेशनला लागून असलेल्या जुन्या हॉटेलच्या भिंतीवर या जागेचा फलक आहे. तेवढंच, पाच मिनिटांत पाहून होतं. एक चूक मात्र इथेच दुरुस्त करून घ्या. २०१५ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामात या भागात ३,००० हून जास्त सांगाडे निघाले आणि ‘बेडलमच्या रुग्णांचे सांगाडे’ अशा बातम्या सगळीकडे झाल्या. ती दफनभूमी १५६९ साली शहरानं सुरू केली होती, आणि ज्यांना आपापल्या चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही असे लंडनचे सामान्य लोक, प्लेगचे बळी धरून, तिथे पुरले गेले. रुग्णालय शेजारी होतं म्हणून नाव चिकटलं.

या पहिल्या इमारतीची शेवटची शंभर वर्षं फार वाईट गेली. १५९८ च्या तपासणीत वीसेक रुग्ण होते आणि मैल्याचा मोठा खड्डा तुंबून जागा कोणालाही आत पाऊल टाकवणार नाही इतकी घाण झाल्याची नोंद आहे. १६१९ मध्ये शरीररचनाशास्त्राचा नावाजलेला ग्रंथकार हेल्काया क्रुक प्रमुख झाला. वैद्यक शिकलेला माणूस आल्यावर चित्र पालटेल असं कोणालाही वाटलं असतं. १६३० च्या दशकातल्या चौकशीत उघड झालं की तो तिमाही हिशेबाच्या दिवशीच काय तो उगवायचा. दान म्हणून आलेलं अन्न कारभारी लाटायचा आणि रुग्णांनाच विकायचा. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो उपाशी. क्रुकला काढलं गेलं. या काळातलं फारसं काही काचेच्या कपाटात दिसत नाही, कारण उपासमारीची वस्तू मागे उरत नाही. म्हणून ते वाचून जाणं भाग आहे.

लिव्हरपूल स्ट्रीटहून पायी पाच-सात मिनिटांवर फिन्सबरी सर्कस. त्याच्या दक्षिणेला, लंडन वॉल नावाच्या रस्त्याच्या कडेनं, दुसरं बेथलेम उभं होतं: मूरफील्ड्सचं. आज तिथे त्याची एक वीटही नाही. तरी जा, कारण लांबीचा अंदाज कागदावर येत नाही. रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञानं आखलेली ही इमारत १६७६ मध्ये पुरी झाली. दर्शनी बाजू सुमारे ५४० फूट, खोली मात्र जेमतेम ४० फूट. खर्च सुमारे १७,००० पौंड. एका बाजूला खोल्यांची रांग, दुसऱ्या बाजूला १६ फूट रुंद लांबच लांब गॅलरी, आणि पुरुष व स्त्रिया वेगळ्या ठेवायला मध्ये लोखंडी जाळी. हवा खेळती राहिली की रोग राहत नाही या त्या काळच्या समजुतीचं हे बांधकाम. बाहेरून राजवाडा वाटावा असं, कारण संस्था देणग्यांवर चालायची आणि देणगीदाराला ती दिसायला हवी होती.

आता बिघडलं कुठे ते पाहा. जागा शहराच्या जुन्या तटाला लागून होती आणि तिथला खंदक शतकानुशतकं शहराच्या कचऱ्यानं भरत आलेला होता. म्हणजे पाया भरावावर. त्यात काम सव्वा वर्षाच्या आसपास उरकलं. इतकी लांब आणि अरुंद इमारत भरावावर उभी केली की एक टोक जास्त बसतं, एक कमी, आणि मधल्या भिंती तडकतात. छप्पर गळू लागलं. १८०० च्या सुमारास संस्थेचा सर्व्हेअर जेम्स लुईस यानं पाहणी केली तेव्हा एकही मजला सपाट नव्हता आणि एकही भिंत ओळंब्यात नव्हती. भाग पाडून टाकावे लागले आणि रुग्णसंख्या १८०० मधल्या २६६ वरून १८१४ पर्यंत ११९ वर आली. सव्वाशे वर्षांत इमारत माणसांच्या आधी मोडली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण खास वाचावं. दर्शनी बाजूवर खर्च केला आणि पायावर वाचवला, त्याचा हिशेब इथे फुटाफुटानं लावता येतो.

मूरफील्ड्सचं नाव निघालं की ‘एक पेनी देऊन वेडे बघायला लोक यायचे’ हे वाक्य येतंच. लोक यायचे, हे खरं. सणासुदीला झुंबड उडायची, खिसेकापू असायचे, रुग्णांना चिडवलं जायचं. मात्र ठरलेलं एक पेनीचं तिकीट होतं याला आधार कच्चा आहे. दाराशी दानपेट्या होत्या आणि येणाऱ्यानं काही टाकावं अशी अपेक्षा होती. वर्षाला लाखभर लोक यायचे हा आकडाही दानपेटीतल्या रकमेला पेनीनं भागून काढलेला आहे, तो धरून चालू नका. रंगवलेल्या लाकडी माणसांच्या रूपातल्या त्या दानपेट्या संग्रहात आहेत. दिसल्या तर दोन मिनिटं थांबा, कारण संस्थेचं अर्थकारण त्यांच्यात उभं आहे.

१७७० मध्ये खुला प्रवेश बंद झाला आणि संस्थेच्या गव्हर्नरची, म्हणजे विश्वस्ताची, चिठ्ठी असलेल्यालाच आत सोडू लागले. वाचताना ही सुधारणा वाटते, आणि रुग्णाच्या अब्रूच्या दृष्टीनं ती होतीही. पण तमाशा बघणाऱ्यांबरोबर बाहेरचा डोळाही गेला. पुढची चव्वेचाळीस वर्षं आत काय चाललं आहे हे गव्हर्नर, डॉक्टर आणि रखवालदार यांच्यापलीकडे फारसं कोणाला कळलं नाही. बेथलेमच्या सर्वांत कुप्रसिद्ध प्रकरणाची सुरुवात याच बंद काळातली आहे.

ते प्रकरण जेम्स नॉरिसचं. अमेरिकन खलाशी, १८०० मध्ये दाखल. अंगात ताकद मोठी, आणि हाताच्या ठेवणीमुळे साध्या बेड्या मनगटातून निसटायच्या. मग त्याच्यासाठी खास सांगाडा करवून घेतला गेला. गळ्यात लोखंडी कडं, त्याला फूटभर लांबीची साखळी, साखळीचं दुसरं टोक भिंतीतल्या सहा फुटांहून उंच उभ्या दांड्यावर वरखाली सरकणाऱ्या कडीत. कमरेभोवती दोन इंच रुंद लोखंडी पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही अंगांना गोल कड्या, आणि त्यांत दोन्ही दंड शरीराला घट्ट आवळलेले. या जोखडात माणूस उभा राहू शकतो, पाठीवर पडू शकतो. कुशीवर वळू शकत नाही. असा तो दहा वर्षांच्या आसपास होता. १८१४ मध्ये समाजसुधारक एडवर्ड वेकफील्ड सोबत काही जणांना घेऊन आत शिरला, तेव्हा हा माणूस वर्तमानपत्रं वाचत होता आणि राजकारणावर नीट बोलत होता. त्याचं चित्र काढलं गेलं, छापलं गेलं आणि १८१५ मध्ये संसदेची समिती बसली. सोडवल्यानंतर थोड्याच काळात, १८१५ मध्येच, क्षयानं तो गेला. छापील चित्राखाली त्याचं नाव ‘विल्यम’ आहे, ते चुकीचं. शोधायचं असेल तर ‘जेम्स’ नावानं शोधा.

समितीपुढच्या साक्षी इंटरनेटवर वाचायला मिळतात, आणि संग्रहालयापूर्वी एकच गोष्ट वाचायची असेल तर ती वाचा. डॉक्टर थॉमस मन्रो. मन्रो घराण्यानं १७२८ पासून चार पिढ्या, सव्वाशे वर्षं, बेथलेमचं डॉक्टरपद घरात ठेवलं. थॉमसनं समितीला सांगितलं ते असं: उन्हाळ्याच्या तोंडाला सगळ्यांचं रक्त काढायचं, मग ओकारीचं औषध, मग जुलाबाचं, आणि ही पद्धत वडिलांकडून आली, याहून चांगली माहीत नाही. साखळ्या गरीब रुग्णांसाठी ठीक आहेत, सभ्य गृहस्थाला लोखंडात ठेवलं तर त्याला ते आवडणार नाही, असंही त्यानं सांगितलं. त्याच्या स्वतःच्या खासगी जागेत, जिथे पैसे भरणारे रुग्ण असत, तिथे साखळ्या नव्हत्या. लोखंड आजारासाठी होतं की ऐपतीसाठी, हे याहून स्पष्ट कोणी सांगितलेलं नाही. मन्रो आणि औषधवाला जॉन हॅझलम, दोघांना १८१६ मध्ये जावं लागलं.

हॅझलमला मात्र एका रंगात रंगवू नका. नॉरिसला दोन खोल्या देऊन मोकळं ठेवावं असं आपण सुचवलं होतं आणि वरच्यांनी ते मानलं नाही, असं त्यानं समितीला सांगितलं. बेड्या आणि बंडी यांत बेड्या बऱ्या, असंही त्याचं मत होतं, आणि त्यामागे कारण होतं. आखूड साखळीच्या बेडीत माणूस निदान स्वतः जेवतो, नाक पुसतो, खाजवतो. लांब बाह्यांची जाड बंडी पाठीमागे बांधली की यातलं काहीच करता येत नाही आणि घामानं अंग शिजतं ते वेगळंच. संग्रहालयात लोखंड, चामडं आणि जाड कापड अशी तिन्ही प्रकारची बंधनं आहेत. नजर आधी लोखंडाकडे जाते. कापडाकडे जास्त वेळ बघा. टाके कुठे दुहेरी आहेत, बंद कुठे आहेत, रुग्णाच्या हाताला ते पोचतील का, हे तपासा. मऊ वस्तू दिसायला सौम्य वाटते, म्हणून ती वापरायलाही सोपी जाते आणि थांबवायला अवघड.

तिसऱ्या जागेसाठी जवळच्या मूरगेट स्टेशनहून नॉर्दर्न लाइननं थेट एलिफंट अँड कॅसल, तिथून पायी दहा-पंधरा मिनिटं. घुमटाची जी इमारत दिसते ते आज इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. १८१५ च्या ऑगस्टमध्ये मूरफील्ड्सचे १२२ रुग्ण भाड्याच्या घोडागाड्यांतून इथे आणले गेले. आराखडा त्याच जेम्स लुईसचा. त्याआधी झालेल्या स्पर्धेत एक रुग्णही होता: चहाचा व्यापारी जेम्स टिली मॅथ्यूज, १७९७ पासून आत. दूरवर बसलेली टोळी एका यंत्रातून हवेचे झोत सोडून आपलं मन चालवते, असा त्याचा ठाम समज, आणि हॅझलमनं १८१० मध्ये याच रुग्णावर आख्खं पुस्तक छापलं. त्याच मॅथ्यूजनं नव्या रुग्णालयाचे रीतसर नकाशे करून दिले आणि संस्थेनं त्याला ३० पौंड दिले. माणूस ठार वेडा आहे हे पुस्तक लिहून सिद्ध करणारी आणि त्याच्या नकाशांचे पैसे मोजणारी संस्था एकच.

या इमारतीतही पहिल्या हिवाळ्यातच चूक कळली. दुर्गंधी राहू नये म्हणून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना काचा बसवल्याच नव्हत्या आणि वाफेची ऊब तळघरापलीकडे नीट पोचत नव्हती. हवा खेळती ठेवण्याचा जुनाच आग्रह, फक्त सोसायची वेळ रुग्णांची. काचा नंतर आल्या. घुमट १८४० च्या दशकातला, सिडनी स्मर्कचा. गुन्हा केलेल्या मनोरुग्णांसाठी मागे वेगळे भाग होते, ते रुग्ण १८६० च्या दशकात ब्रॉडमूर इथल्या नव्या, खास अशाच रुग्णांसाठीच्या रुग्णालयात गेले. रुग्णालय १९३० मध्ये इथून हललं, दोन्ही बाजूंचे पंख पाडले गेले आणि मधल्या भागात १९३६ मध्ये युद्धसंग्रहालय आलं. समोरच्या बागेत युद्धनौकेच्या दोन प्रचंड तोफा आहेत. लोक त्यांच्यापुढे फोटो काढतात. तुम्ही पाठ फिरवून इमारतीच्या दोन्ही कडांकडे बघा, पंख कुठे तुटले ते चटकन लक्षात येतं.

मग बेकनहॅम. लंडन ब्रिजहून हेसकडे जाणारी लोकल पकडायची आणि ईडन पार्कला उतरायचं. अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास, झोन ५, नेहमीचं संपर्कविरहित कार्ड चालतं. स्टेशनपासून पायी पंधरा-वीस मिनिटं. संग्रहालय आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वार आणि वेळ बघाच, कारण बंद दारापर्यंत जाऊन परतण्यात अर्धा दिवस जातो. फाटकातून आत शिरल्यावर लक्षात ठेवा की हा चालू दवाखाना आहे. वाटेत जी माणसं भेटतील ती रुग्ण असतील, नातेवाईक असतील, कर्मचारी असतील. कॅमेरा खिशात ठेवा. १७७० मध्ये जे बंद केलं ते फोनवरून पुन्हा सुरू करू नये.

आवारही वाचण्यासारखं आहे. लांब गॅलऱ्यांची एकसंध इमारत इथे सोडून दिली. सुट्या बैठ्या-दुमजली घरांचे वॉर्ड, मध्ये झाडं आणि हिरवळ. एका वॉर्डला आजही फिट्झमेरी हाउस म्हणतात. ५४० फुटांच्या दर्शनी बाजूनंतर अडीचशे वर्षांनी संस्थेला कळलं की दर्शनी बाजू नसलेलीच बरी.

इमारतीत शिरताच जिन्यापाशी दोन दगडी पुतळे दिसतील. लोक वर जायच्या घाईत त्यांना ओलांडून जातात, तसं करू नका. सगळ्या संग्रहातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. काययस गेब्रिएल सिबर या शिल्पकारानं १६७६ च्या सुमारास पोर्टलंड दगडात ते कोरले आणि मूरफील्ड्सच्या फाटकाच्या खांबांवर ते सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ऊनपावसात पडून होते. एक ‘उदासी’, दुसरा ‘उन्माद’. दोघंही वेताच्या चटईवर आडवे. उन्मादाच्या मनगटात साखळी, मुठी आवळलेल्या, मान मागे ताणलेली. उदासीच्या अंगावर साखळी नाही. त्याचे ओठ सुटलेले आहेत आणि हात असून नसल्यासारखे. कोपरापासून बोटांपर्यंत नजर फिरवा: स्नायूत कुठेच ताण नाही, दगड असूनही. उन्मादाला बांधावं लागतं, उदासी स्वतःच बांधलेली असते, हे त्या काळच्या शिल्पकारानं शब्दाविना सांगितलं आहे. रस्त्यावरून येणारा-जाणारा आजार ओळखायचा तो या दोन शरीरांवरून. मधलं काही नव्हतं.

वरच्या मजल्याला दीड तास द्या. बंधनांचा भाग सांगून झाला. गादी लावलेल्या खोलीचा भाग पाहताना त्याच्या जाडीकडे लक्ष द्या. सिनेमात दिसते तशी पांढरी उशी ती नव्हे, कठीण आणि काळसर वस्तू आहे.

त्यानंतर माझ्या मते सर्वांत चांगला भाग: हेन्री हेरिंगनं १८५० च्या दशकात काढलेले रुग्णांचे फोटो. त्यामागची पार्श्वभूमी लक्षात घ्या. १८५१ मध्ये मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ‘ल्युनसी कमिशनरां’नी बेथलेमची कडक तपासणी केली. तोवर ही संस्था त्यांच्या कक्षेबाहेर राहिली होती. १८५२ मध्ये विल्यम चार्ल्स हूड निवासी डॉक्टर म्हणून आला. निवासी, म्हणजे तिथेच राहणारा. क्रुकच्या तिमाही हजेरीनंतर दोनशेवीस वर्षांनी. त्यानं खिडक्या मोठ्या केल्या, यांत्रिक बंधनं जवळजवळ बंद केली, वॉर्डात गालिचे, पुस्तकं आणि पक्षी आणले. हेरिंगचे फोटो या काळातले. काही रुग्णांचे दोन-दोन आहेत, एक आजारपणातला आणि एक सुधारल्यावरचा. दुसऱ्या फोटोत कपडे नीट, केस विंचरलेले, हातात कधी पुस्तक किंवा विणकाम. बरं झाल्याचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यानं काय धरलं ते पाहा: कपडे आणि बसण्याची ढब. दोन्ही फोटोंतले डोळे मात्र एकदा हातानं झाकून बघा आणि एकदा न झाकता. काही जोड्यांत फरक फक्त कपड्यांचा उरतो.

चित्रकार रिचर्ड डॅडचं कामही याच काळातलं. १८४३ मध्ये भ्रमाच्या भरात वडिलांचा खून, १८४४ पासून बेथलेममध्ये, १८६४ मध्ये ब्रॉडमूर. त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र टेट गॅलरीत आहे, ते इथे शोधू नका. इथे भावनांवरची त्याची जलरंगातली चित्रं आहेत, आणि त्यात साखळीतला एक उन्मत्त माणूस आहे. खालचा सिबरचा पुतळा आठवून ते बघा. डॅड स्वतः आतला होता आणि तरी त्यानं उन्मादाचं जुनंच रूप उचललं. मांजरांची चित्रं काढणारा लुई वेन १९२५ ते १९३० इथे होता. ‘आजार वाढत गेला तशी मांजरं विस्कटत गेली’ अशी त्याच्या चित्रांची क्रमवार रांग सगळीकडे फिरते. त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या, रांग दुसऱ्या कोणी लावली. मानसशास्त्र शिकवणाऱ्यांनी ती स्लाइड काढून टाकावी.

एक परस्परसंवादी फिल्म आहे. रुग्णाशी बोलणं चाललेलं दिसतं आणि तिला इच्छेविरुद्ध दाखल करायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. घाईनं बटण दाबू नका. त्यामागचा कायदा माहीत असेल तर फिल्म दुप्पट कळते. इंग्लंडच्या १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २ खाली तपासणीसाठी जास्तीत जास्त २८ दिवस आणि कलम ३ खाली उपचारासाठी सुरुवातीला ६ महिन्यांपर्यंत ठेवता येतं. साधारणपणे दोन डॉक्टर आणि एक मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य व्यावसायिक लागतात. तीन माणसं, दोन वेगवेगळे पेशे, हातात कागद आणि वर अपिलाची सोय. १४०३ च्या यादीपासून इथवर यायला काय काय लागलं ते या एका तरतुदीत गोळा झालं आहे.

उणिवा आहेत. जागा लहान आहे. कालरेषा मोठ्या अक्षरात आणि दाराशीच असती तर नवख्या माणसाची फरफट टळली असती. पैशाचा इतिहास, म्हणजे दान, कंत्राटं, कारभाऱ्यांची कमाई, वस्तूंच्या मागे पडला आहे, आणि माझ्या मते तोच कणा आहे. भुताटकी किंवा छळाची दालनं पाहायला येणाऱ्याची निराशा होईल. ती झालेलीच बरी. लहान मुलांना नेऊ नये असं काही इथे नाही, मात्र खुनाचे आणि आत्महत्येचे उल्लेख येतात, ते आधी माहीत असावेत. खालची गॅलरी चुकवू नका. तिथे आज उपचार घेणाऱ्या किंवा घेतलेल्या कलाकारांचं काम असतं.

जुन्या नोंदी शोधायच्या असतील तर अभिलेखागार वेगळं आहे आणि त्यासाठी आधी वेळ ठरवावी लागते. १६८३ ते १९३२ पर्यंतच्या नोंदींचं मोठं भांडार ‘फाइंड माय पास्ट’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतं, म्हणून आधी तिथे नाव शोधा आणि दाखल झाल्याची तारीख हातात घेऊनच विचारणा करा. नाव सापडलं नाही तर माणूस आजारी नव्हता असा अर्थ काढू नका. एकोणिसाव्या शतकात बेथलेम निवडून रुग्ण घ्यायचं: आजार वर्षाहून जुना असेल, फेफरं किंवा पक्षाघात असेल, बाई गरोदर असेल तर दार बंद. एका वर्षात बरा न झालेला रुग्णही बहुधा परत पाठवला जायचा. लंडनची बहुतेक गरीब माणसं हॅनवेल किंवा कोल्नी हॅच अशा मोठ्या सरकारी आश्रयगृहांत गेली. त्यांची दप्तरं ‘द लंडन आर्काइव्ह्ज’मध्ये (२०२४ पर्यंतचं नाव ‘लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज’) आहेत. शोध तिथून पुढे चालू करा.